पत्र्याची दुसरी बाजू

रिव्हेट एकट्याने ठोकता येत नाही.
बाहेरून हवेची बंदूक, आतून लोखंडी ठोकळा,
मध्ये नखाएवढा पातळ पत्रा.
व्हर्लीन उन्रू बाहेर, मी आत,
शेपटीच्या पोकळीत, गुडघे हनुवटीला लावून.
अकरा वर्षांत तिचा चेहरा मी कमीच पाहिला,
हात मात्र पाठ झाला.
एकदा टक: अजून थोडं.
दोनदा: जमलं, पुढे चल.
तीनदा: फसला. काढ तो, नवं भोक पाड.

मग रस्त्यापलीकडच्या ब्रॅनिंगवाल्यांनी
तासाला चाळीस सेंट जास्त देऊ केले
आणि ती गेली.
जाणारच. मुलीच्या दातांना तार लावायची होती.
आमच्या हॉल्कमच्या गेटपासून तिचं गेट तीनशे पावलं,
कॅन्ससचा वारा आडवा लागला तर चारशे.

पुढच्याच वर्षी व्याज असं चढलं
की आमचं कुठलंही विमान इतकं सरळ चढलं नव्हतं.
तेलवाले, दातांचे डॉक्टर, गुरांचे व्यापारी,
ज्यांना आठवड्यातून दोनदा डेन्व्हरला उडत जायचं असायचं,
त्यांना अचानक मोटारीचा रस्ता आवडायला लागला.

ब्रॅनिंगने किंमत उतरवली. आम्ही उतरवली.
त्यांनी रेडिओ फुकट दिला.
आम्ही रेडिओ आणि वर्षभराचं इंधन.
त्यांनी खुर्च्यांना कातडं चढवलं.
आमचा मॅनेजर क्लेटन रूप सभेत म्हणाला,
पलीकडचे आधी बुडतील,
आपण फक्त एक श्वास जास्त धरायचा.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
हातमोजे घातलेल्या टाळीला आवाज नसतो, एवढंच.

गिऱ्हाईक ठरलं की शेपटीवर त्याचा रंग चढतो.
गिऱ्हाईक नसलं की शेपटी पांढरीच राहते.
एप्रिलमध्ये आमच्या कुंपणाशी नऊ पांढऱ्या शेपट्या,
जूनमध्ये चौतीस.
जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याही मोजायचो.
एकेचाळीस भरल्या त्या दिवशी मला बरं वाटलं.
बरं वाटल्याची लाज नंतर आली,
घरी, नखांतलं ग्रीस काढताना.

ऑगस्टमध्ये एका हवाई टॅक्सीवाल्याला साठ विमानं हवी होती.
तीन आठवडे तो सकाळी आमची कॉफी प्यायचा,
दुपारी त्यांचं बार्बेक्यू खायचा,
आणि दोन्हीकडे तोंड पुसून म्हणायचा,
पलीकडचे अजून कमी करताहेत.
शेवटी आम्ही जिंकलो,
विमान बनवायला जे लागतं त्याच्याही खालच्या भावात.
भोंगा वाजला. पंखांच्या आकाराचा केक आला.
मी माझा तुकडा कागदात गुंडाळला आणि विसरलो.

शुक्रवारी पलीकडे नऊशे नावांची यादी लागली.
इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, म्हणजे उन्रू जवळजवळ तळाशी;
तिला आधीची सगळी नावं
वाचत यावं लागलं असणार.

मार्चमध्ये तो टॅक्सीवाला बुडाला.
सतरा शेपट्यांवर त्याचा नारिंगी सूर्य रंगवून झाला होता.
आम्ही त्यावर पुन्हा पांढरा मारला.
सूर्य झाकायला तीन हात द्यावे लागतात,
तरी ऊन तिरपं पडलं की तो आतून दिसतो.
मग आमची यादी लागली.
यादीच्या तळाशी, वेगळ्या शाईत, क्लेटन रूप.

बेकारी भत्त्याच्या कचेरीबाहेर मी गाडीत बसून होतो,
आत जायचं धाडस गोळा करत.
ती आली, काचेशी वाकली.
गुडघे कसे आहेत, म्हणाली.
मी विचारलं, मुलीची तार निघाली?
निघाली, म्हणाली. दात अर्धेच सरळ झाले.
केकबद्दल तिने विचारलं नाही.
जाताना तिने गाडीच्या टपावर बोट वाजवलं.

माझा डावा कान बंदुकीने केव्हाच खाल्लाय,
आणि वारा होता.
एकदा वाजवलं, दोनदा, की तीनदा, कळलं नाही.
मी आतून छताला तळवा लावला
आणि ती रस्ता ओलांडेपर्यंत
तसाच दाबून धरला,
ठोकळा धरायचा तसा.